पाठोपाठ फिरलेला झाडू

बायको जाऊन दीड महिना झाला होता. जळगावातल्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून मी धुळ्याला लेकीकडं निघालो होतो. घरमालकानं बायकोची शिलाई मशीन खाली त्याच्या कोठीत कोंडली. म्हणाला, "आधी खोल्या घासून दे, मग ने." मी कामाला होतो ती कापसाची जिनिंग बंद असायची तेव्हा त्याच मशीनवर तिनं घर चालवलं. मशीन सोडून मी हलणार नव्हतो.

मी स्वतःच घासायला बसलो. मोरीच्या जाळीत तिचे केस निघाले. ब्रश फेकला.

खोल्या घासायला गल्लीतल्या बाया माझ्या चार दिवसांची मजुरी मागत होत्या. शेवटी जिनिंगमध्ये सरकी वेचणारी एक बाई निम्म्यात तयार झाली. सकाळपासून तिनं सोडा टाकून तेलकट भिंत विटेनं खरवडली. बोटं सोलली. मालकानं दोनदा बादली लाथेनं उडवली, तिनं दोनदा पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा त्यानं कोठीची किल्ली माझ्याकडं फेकली.

गाठोडं घेऊन मी जिना उतरू लागलो आणि वर झाडू वाजला. आमच्यात माणूस बाहेर पडला की लगेच झाडत नाहीत. प्रेत उचललं की झाडतात. याच दारातून तिला नेलं तेव्हा झाडलं होतं.

डोकं फिरलं. वर जाऊन बाईच्या कानाखाली दिली. चौकटीवर आपटून तिचा ओठ फाटला.

"ओ नाना! माले का मारस? मालकभाऊनीच सांगं, लगेच झाडी टाक म्हने! नवा भाडेकरू खाले उभा शे!"

मालक जिन्यात होता. "जिवंत असून झाडूपायी मढं पडल्यासारखा रडतो," म्हणाला. मी त्याची मान धरून भिंतीवर डोकं हाणलं, दोनदा. त्यानं हातातलं खोलीचं कुलूप माझ्या कानावर मारलं. गडगडत खाली आलो, उठेपर्यंत तो उतरून कोठीच्या दारात आडवा उभा. नाकातून रक्त.

"आता मशीन विसर!"

मी जिन्याखालची वीट उचलली. मारलीच असती. तेवढ्यात बाई उतरली. पदर ओठाला, हातात झाडू.

"सकायपाईन मरी राहिनू मी. सरक!"

तो सरकला. माझ्या हातातली वीट तिनं काढून फेकली. माझ्याकडून किल्ली घेतली, कोठीचं दार उघडलं, मशीनची एक बाजू धरली. माझ्याकडं बघितलं नाही.

"तिकडून धर," म्हणाली.

मी धरली.