एक बरोबर, दोन बरोबर

संगणक आयुष्यात कधी डोळ्यांनी पाहिला नाही, पण त्याची भाषा मात्र येते, असा माणूस अख्ख्या महाड तालुक्यात एकच होता, आणि तो माझा मामेसासरा होता. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीची गोष्ट. तेव्हा गावात संगणक म्हटलं की लोक टीव्हीच्या दुकानाकडे बोट दाखवत. मामा एस.टी.च्या डेपोत वाहतूक नियंत्रक होते आणि नुकतेच निवृत्त झाले होते. आयुष्यभर त्यांनी चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या. आधी गाडी कुठली, मग कुठे जाणार, मग फलाट, हा क्रम त्यांनी कधी मोडला नाही, आणि दुसऱ्या कुणी मोडला तर त्यांना रात्रीचं जेवण जात नसे. अशा माणसाला दासगावच्या हमीदने सुट्टीवर येताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणून दिलं. हमीद आखातात एका कंपनीच्या संगणकाच्या खोलीत साफसफाई करायचा आणि ते पुस्तक तिथल्या साहेबांनी टाकून दिलं होतं. सी प्लस प्लस नावाची एक नवी भाषा त्यात शिकवली होती. मामांनी पहिलं पान वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सूनबाई," ते मला म्हणाले, "या भाषेत शब्द जागचा हलला तर यंत्र पुढे जातच नाही. हा माझ्या स्वभावाचा प्राणी आहे."

मी तेव्हा शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे अडलेलं इंग्रजी वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. घरात त्या भाषेने उच्छाद मांडला. त्या भाषेत कुठलंही नाव वापरायच्या आधी ते जाहीर करावं लागतं आणि त्याची जात सांगावी लागते, म्हणजे त्यात पूर्ण संख्या ठेवणार, अपूर्णांक ठेवणार की एखादं अक्षर. मामी बिचाऱ्या पोलादपूरकडच्या, भडाभडा बोलणाऱ्या. त्या पदर खोचून "आज तान्याने काय केलान माहित हाय?" असं म्हणाल्या की मामा हात वर करत. "थांब. तान्या कोण? आधी जाहीर कर. माणूस की बैल?" मामी म्हणत, "बैल माझ्यासमोर बसलाय!" आणि बातमी तिथेच संपायची. त्या भाषेत प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धविराम लागतो, म्हणून मामांनी पोस्टकार्डातही तेच सुरू केलं. 'आम्ही सर्व खुशाल आहोत; पाऊस बरा आहे; आंबा कमी आहे;' खेडच्या त्यांच्या बहिणीने ते कार्ड तीनदा उलटंपालटं करून पाहिलं आणि उलट टपाली विचारलं, "दादा, पुढलं काय लिहायचं राहिलं? घरात काही वाईट तर नाही ना?"

एका संकष्टीला मामींनी मोदक केले. सात उरले होते. मामांनी माझ्यात आणि माझ्या नवऱ्यात ते वाटले, तीन मला, तीन त्याला. "पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच येतं," ते गंभीरपणे म्हणाले. "उरलेलं गळून जातं." "कुठे गळतं?" मी विचारलं. मामांना बोलता येईना, कारण सातवा मोदक त्यांच्या तोंडात होता.

पण त्यांचा सगळ्यात लाडका नियम बरोबरच्या चिन्हाचा होता. एक बरोबर लिहिलं की यंत्राला सांगणं झालं, हे इथे ठेव. दोन बरोबर लिहिले की विचारणं झालं, हे आणि ते सारखं आहे का? मामी स्वयंपाकघरातून "चाय झाली" म्हणाल्या की ओटीवरून आवाज यायचा, "सांगतेस की विचारतेस?" मामींचं उत्तर ठरलेलं असे. "सांगते. आनि येत नाय तर मोरीत वतते."

या सगळ्या खुळाला एक नेम होता, हे मला उशिरा समजलं. मामा एका लांब वहीत एक मोठा प्रोग्रॅम लिहीत होते. त्या भाषेत वर्ग नावाची चीज असते. गाडी कशी असते ते एकदाच लिहायचं, आणि मग त्याच साच्यातून हव्या तितक्या गाड्या काढायच्या. मामांनी महाड डेपोची एकूण एक गाडी तशी काढली होती. उतारूने गावाचं नाव टंकलं की यंत्राने वेळ आणि फलाट सांगायचा. आठ महिने ते लिहीत होते. "माणूस खिडकीत बसला की चुकतो," एवढंच ते म्हणत.

माझी एक मैत्रीण घाटावर एका कॉलेजात संगणक शिकवायची. मी तिला पत्र लिहून तिथल्या संगणकावर अर्धा तास बसायची परवानगी मिळवली. त्या दिवशी मामांनी लग्नातला कोट घातला. मामींनी भाकरी आणि सुकटीची चटणी बांधून दिली आणि दारातून म्हणाल्या, "अवो, त्या मिशीनला जास्त शिकवू नका. त्याला पन आपला काम असतो." आंबेनळी घाटाच्या वळणांवर अर्धी गाडी ओकत होती, आणि मामा वही छातीशी धरून ओठातल्या ओठात कंस मोजत होते.

माझ्या मैत्रिणीने वही चाळली. चार पानं, दहा पानं. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काका, हे फार सुंदर लिहिलंय. पण ही नवी भाषा आहे. आमच्याकडे हिची थोरली बहीण आहे, नुसती सी. तिला वर्ग हा शब्दच कळत नाही."

"म्हणजे गाड्या?"

"नाही चालणार, काका."

मामांनी वही मिटली.  मला वाटलं, आता हा माणूस खाली जाऊन सरळ परतीची गाडी धरेल. पण त्यांनी विचारलं, "पूर्णांक कळतो तिला?"

"हो."

"अपूर्णांक? अक्षर?"

"हो, सगळं."

"मग बरंच कळतं की," मामा म्हणाले आणि यंत्रासमोरच्या खुर्चीवर बसले.

एका बोटाने त्यांनी दहा-बारा ओळी टंकल्या. तीनच गावं घेतली. एक आकडा दाबला की पोलादपूर, दोन दाबला की माणगाव, तीन दाबला की श्रीवर्धन. मैत्रिणीने यंत्र चालू केलं. मामांनी एक दाबला. पडद्यावर पोलादपूर आणि फलाट उमटला. मामांनी मला हात जोडून नमस्कार केला, मला, सुनेला! मग दोन दाबला. पोलादपूर. तीन दाबला. पोलादपूर. काहीही दाबा, पोलादपूर.

मैत्रीण वाकून बघायला लागली, पण मामांनीच ते शोधलं. "एकच बरोबर लिहिलंय मी," ते म्हणाले. "मी तिला विचारलंच नाही. सांगून टाकलं." मैत्रीण हसून म्हणाली, "काका, ही चूक आम्ही रोज करतो." पण मामांचा चेहरा पांढरा पडला होता. चूक दुरुस्त करून त्यांनी तिन्ही गावं नीट आणली, तिचे आभार मानले, आणि वही काखेत मारून परतीची गाडी धरली.

घाट उतरताना म्हणाले, "एक माणूस आला होता खिडकीशी. आई गेल्याचा निरोप होता त्याला. रडत होता. गावाचं नाव सांगितलंन. त्या नावाची दोन गावं आहेत, एक पोलादपूरकडे, एक मुंबईच्या वाटेवर. कुठलं ते मी विचारलं नाही. सांगून टाकला मुंबईकडचा फलाट. त्याचं गाव निघालं पोलादपूरकडचं. दुसऱ्या दिवशी पोचला तो घरी. सगळं आटपलेलं होतं. डेपोत येऊन मला काही बोलला नाही. नुसता बघून गेला."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

पोलादपूर आलं तसे मामा उठले. "उतरूया, त्याचं गाव इथूनच आत आहे," म्हणाले.

गाव रस्त्यापासून मैलभर आत होतं. तो माणूस अंगणात नाचणी वाळत घालत होता. सदाशिव त्याचं नाव. मामांनी कोटाची बटणं लावली, स्वतःचं नाव सांगितलं, डेपो सांगितला, त्या दिवसाची गोष्ट सांगितली, सगळं क्रमाने, आणि शेवटी म्हणाले, "माझी चूक झाली."

सदाशिव नाचणी तशीच टाकून जवळ आला. मग म्हणाला, "तुमची कशी? मना वाटत होता माझीच चुकी. तालुका बोललोच नाय मी. रडण्यात राहिला. इतकी वर्सा आयशीच्या फोटूला सांगत आलोय, माझ्याच तोंडान घात केला गो." त्याने हाताची नाचणी झटकली आणि घरात ओरडला, "पानी आन गो, पावने आलेत!"

दोघंही मग अंगणात टेकले. त्याची आई कशी होती ते सदाशिव सांगत होता, आणि मामा विचारत होते. कुठली होती, काय खायला आवडायचं, आवाज कसा होता. एवढं विचारताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

ऊन कलल्यावर सदाशिव आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. गाडी यायला वेळ होता. त्याने मामांना समजावून सांगितलं की पहिली येईल ती सोडा, ती आत वळते, दुसरी पकडा, ती सरळ महाडला जाते, आणि पुढच्या दाराशीच उभे रहा. तीस वर्षं या रस्त्यावरच्या गाड्यांना वेळा लावून देणारा माणूस मान हलवत ऐकत होता. त्यातलं अर्धं चुकीचं होतं, हे मलासुद्धा कळत होतं. मामा फक्त "बरं," म्हणाले, "बरं, तसंच करतो," आणि पहिली गाडी आली तेव्हा, ती सरळ महाडचीच होती, तरी आम्ही ती जाऊ दिली.