डाव्या हाताचं बटण

कारखान्यात मशीन बसवून परत निघालो की पाना, पक्कड, मीटर, वायरचे तुकडे सगळं आठवणीनं गोळा करून गाडीत टाकतो. तरी घरी आल्यावर पाहावं तर न सांगता एक किस्सा मागच्या सीटवर येऊन बसलेला असतो. गिऱ्हाईक विसरतं, मशीनसुद्धा भंगारात जातं, पण हे बेटे किस्से उतरायचं नाव घेत नाहीत. इतक्या वर्षांत नुसती गर्दी झाली आहे.

आम्ही म्हणजे मी आणि सत्तार. बीडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागं एका खोलीत आमचं ऑफिस आहे. हातानं चालणारी मशीनं ऑटोमॅटिक करून देणं हा धंदा. मी डोकं लावतो आणि सत्तार वायर लावतो, असं मी लोकांना सांगतो. सत्तार नेमकं उलटं सांगतो.

मांजरसुंब्याच्या धाब्यावर मित्र जमले की फर्माईश होते, "सांग बे एखादा." मी हसायचाच काढतो. पण हल्ली असं होतं की सुरुवात कुठूनही केली तरी गाडी शेवटी अप्पांच्या बिजागरीच्या कारखान्यावर जाऊन थांबते. आजही तिकडंच जाणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

*

पहिला परळीचा. तेलाच्या एका गिरणीत पोती पट्ट्यावरून पुढं जातात, ती मोजायला आम्ही इलेक्ट्रिक डोळा बसवला. पोतं समोर आलं की डोळ्याला कळतं, आकडा वाढतो; पोतं तिथंच अडकून राहिलं तर पट्टा थांबतो. परळीत वीज केंद्राची राख सगळ्यावरच बसते, म्हणून काच रोज पुसायची, एवढं सांगून आलो.

खंडेनवमीला सकाळीच मालकाचा फोन. "इंजिनिअर, तुमचा डोळा गेला. पट्टा हालंना."

सणाच्या दिवशी शिव्या घालत परळी गाठली. पाहतो तर डोळ्यावर हळदीकुंकवाचा जाड थर आणि वर झेंडूचं फूल चिकटवलेलं. डोळ्याला वाटत होतं समोर पोतं उभं आहे, म्हणून त्यानं इमानदारीत पट्टा थांबवून धरला होता.

हे काम शांतामावशींचं. डोळा यायच्या आधी भिंतीवर खडूच्या रेघा मारून पोती त्याच मोजायच्या. आता त्यांच्या हातात झाडू होता.

मी म्हणालो, "मावशी, डोळ्यावर कुणी कुंकू लावतं का?"

"मंग कपाळ कुठं हाय त्याला? मला डोळाच घावला." आणि जरा थांबून म्हणाल्या, "माझं काम करतंय ते. म्हनलं, आज पयलं त्यालाच लावावं."

सत्तारनं रुमालानं काच पुसली. पुसता पुसता त्यानं थोडं कुंकू बोटावर घेतलं आणि डब्याच्या बाजूला, जिथं काच नव्हती तिथं, एक टिकली लावली. ती अजून आहे. आम्ही सर्व्हिसिंगला गेलो की तेवढी सोडून पुसतो.

*

दुसरा लिंबागणेशच्या अलीकडचा. एका शेडमध्ये उसाच्या ट्रॉल्या बनतात. तिथं पत्रा वाकवायचं मशीन आम्ही ऑटोमॅटिक केलं आणि समोर मोठं तांबडं बटण दिलं. काही अडचण आली की दाबायचं, मशीन जागच्या जागी थांबतं.

महिन्यानं जाऊन पाहतो तर बटण गायब. त्या जागी लोखंडी पेटी आणि पेटीला कुलूप.

"हे काय, शेठ?"

"तंबाखू मळायची म्हनून दाबत्यात, इडी ओढायची म्हनून दाबत्यात. केलं बंद."

"चावी कुठाय?"

"माझ्याकं."

"आणि तुम्ही कुठं असता?"

"बीडला, दुकानावर."

"मग एखाद्याचा हात अडकला तर?"

"फोन करायचा की. मी काय लांब हाय व्हय?"

धाब्यावर हा किस्सा हमखास चालतो. लोक ताटावरून उठून हसतात, मीही हसतो. सत्तार हसत नाही. अप्पांच्या कारखान्यात नामदेवचा हात गेला तेव्हा तो तिथं होता.

*

आता अप्पा. परळीचं लिंगायत वाण्याचं घर, पिढ्यान् पिढ्या किराणा आणि भुसार. अप्पांनी ते भावांवर सोडलं आणि बीडच्या एमआयडीसीत शेड घेऊन बिजागऱ्या काढायला लागले. कारण विचारलं तर म्हणायचे, "दाण्याला कीड लागती, लोखंडाला न्हाई." लोखंडाला गंज लागतो हे पहिल्या पावसाळ्यात कळलं.

नामदेव त्यांच्याकडं पहिल्या दिवसापासून प्रेसवर. जुनी प्रेस, पायाच्या पेडलवर चालणारी. डाव्या हातानं पट्टीचा तुकडा ठेवायचा, पेडल मारायचं, वरून ठोका पडला की उजव्या हातानं बिजागरीचं पान काढून घ्यायचं. त्याचं तोंड सतत चालू. गावच्या निवडणुकीपासून बायकोच्या स्वयंपाकापर्यंत सगळं बोलून व्हायचं, आणि हातपाय आपलं काम आपोआप करत राहायचे.

एक दिवस पाय आधी पडला आणि हात मागं राहिला.

सत्तार शेडमध्ये मोटर दुरुस्त करत होता. त्यानंच स्विच पाडला, त्यानंच नामदेवला गाडीत घातलं. पुढं जखम चिघळली आणि डावा हात कोपराच्या वरून काढावा लागला. सत्तार त्याबद्दल एवढंच बोलतो, "यार, दवाखान्यापर्यंत तो मलाच म्हणत होता, घाबरू नको."

काही दिवसांनी अप्पा आमच्या ऑफिसात आले. चहा नको म्हणाले.

"इंजिनिअर, मला हुशार मशीन नको. भित्रं पाहिजे. मानूस जवळ असला की घाबरून थांबनारं."

आम्ही सगळ्या प्रेसची पेडलं काढली आणि प्रत्येकीला दोन बटणं बसवली, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही तळवे दोन बटणांवर असले तरच ठोका पडणार. हात बटणावर असले की ठोक्याखाली नसतात, एवढाच त्याचा हिशेब. अप्पांनी स्वतः दाबून पाहिलं. मग बटणावरचे हात तसेच ठेवून म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय? मंग मी आधी कावून न्हाई बसवलं?"

मी पाना पुसून पिशवीत टाकला.

*

बटणं बसली आणि कामाचा वेग उतरला. कामगार कुरकुरायला लागले. सत्तार एकदा अचानक गेला, तर एका प्रेसच्या डाव्या बटणावर गमछ्यात गुंडाळलेली वीट बांधलेली! भीमराव एका हातानं माल घालत होता, एका हातानं बटण दाबत होता आणि ठोके धडाधड पडत होते.

सत्तार ओरडला नाही. त्यानं वीट सोडली.

"भीमराव, हे काय?"

"लई टाइम लागतोय, भाई. नामदेव बघितला न्हवं, कसा सपासप काढायचा?"

"हां. आता कुठाय नामदेव?"

भीमरावनं मान खाली घातली. त्याच दिवशी सत्तारनं वायरिंग असं बदललं की दोन्ही बटणं एकदम दाबली तरच ठोका पडेल आणि पुढच्या ठोक्याआधी दोन्ही सोडावी लागतील. विटेचा उपयोग संपला.

त्यानंतर कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण शेडमध्ये डाव्या बटणाचं नावच "नामदेव" पडलं. नवीन माणूस कामाला आला की भीमराव शिकवायचा, "हितं माल ठेवायचा. मंग उजवं दाबायचं अन् नामदेव दाबायचा." त्यात चेष्टा नव्हती. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दचकलो, त्यांच्या मात्र ते तोंडी बसून गेलं होतं.

*

नामदेव बरा होऊन आला तो दिवस. इस्त्रीचा शर्ट, डावी बाही दुमडून पिन लावलेली. सगळ्यांना भेटला आणि सरळ आपल्या प्रेसकडं गेला. खाली वाकून पाहिलं.

"साहेब, पेडल कुठं गेलं?"

मी उत्साहानं सांगायला लागलो. आता हे दोन हातांचं मशीन आहे, डावं आणि उजवं सोबत दाबायचं, म्हणजे पुन्हा कुणाला इजा होणार नाही. बोलता बोलता आपण हे कुणाला सांगतोय ते लक्षात आलं.

नामदेव डाव्या बटणाकडं बघत राहिला. मग त्यानं उजव्या हातानं माल ठेवला. उजवा तळवा उजव्या बटणावर ठेवला, वाकला आणि डावं बटण हनुवटीनं दाबलं.

ठोका पडला. पान व्यवस्थित निघालं. नामदेवनं ते उचलून आम्हाला दाखवलं. शाळेतलं बक्षीस दाखवावं तसं दाखवलं.

सत्तारनं मेन स्विच पाडला. "आता डोकं घालतो का बे त्याच्यात?" एवढं म्हणून तो बाहेर गेला आणि जनरेटरच्या मागं उभा राहून रडला.

सगळी बटणं नामदेवमुळं बसली होती, आणि ती दाबू न शकणारा माणूस अख्ख्या शेडमध्ये नामदेव एकटाच होता. त्या दिवशी मला माझ्याच कामाचा राग आला. काम बरोबर होतं, म्हणून जास्तच आला.

*

दुसऱ्या दिवशी नामदेवची बायको आली, चंद्रकला. अप्पांच्या टेबलासमोर उभी राहिली. मीही तिथंच होतो.

"अप्पा, त्यांच्या डाव्या अंगाला मी उभी ऱ्हाते. डावं बटन मी दाबते. पगार येकाचाच द्या."

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "ताई, तसं चालत नाही. एका हातानं तुम्ही बटण दाबाल, पण तुमचा दुसरा हात मोकळा राहतो. तो चुकून आत गेला तर?"

"त्या हातानं पदर धरून ठिवते."

अप्पा अगदी हळू बोलले. "पोरी, तुमच्या घरचा एक हात माझ्या कारखान्यात गेलाय. तीन उरलेत. ते मी मशीनपाशी येऊ देनार न्हाई."

ती निघून गेली. अप्पांनी नामदेवला गेटवर ठेवला. पगार तोच ठेवला.

*

नामदेवला पगाराचं सोयरसुतक नव्हतं, त्याला प्रेस पाहिजे होती. मी गेलो की गेट उघडता उघडता म्हणायचा, "या साहेब. तुमचं मशीन लई इमानदार हाय. मला वळखतच न्हाई." आणि निघताना न चुकता, "माझ्यापुरतं कायतरी बसवा की. हितं बसून बसून मानूस म्हातारा व्हतो." मी दर वेळी "बघू" म्हणायचो. गाडीत बसल्यावर सत्तार विचारायचा, "क्या देखता रे तू?" आणि मी गाडी मांजरसुंब्याच्या धाब्याकडं वळवायचो.

गेट दोन फाळक्यांचं, जड. आधी एक फाळका ढकलायचा, मग जाऊन दुसरा. एकदा पत्र्याचा ट्रक आला होता आणि आमची गाडी त्याच्या मागं. ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून वैतागला. खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ए, दोनी हात लाव की बे!"

नामदेव शांतपणे म्हणाला, "एक आत प्रेसवर हाय."

आणि स्वतःच हसला. भीमरावचं ते शिकवणं त्याच्या कानावर गेलेलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

*

मागच्या वर्षी अप्पांनी नवी प्रेस घेतली, पूर्ण ऑटोमॅटिक. एका बाजूनं पट्टीचं भेंडोळं स्वतः आत सरकतं, दुसऱ्या बाजूनं तयार पानं क्रेटमध्ये पडतात. चारी बाजूंनी जाळी, जाळीचं दार उघडं असलं तर मशीन चालत नाही. चालू करायला एक बटण, बंद करायला एक.

बसवलं आम्हीच. जुन्या सगळ्या प्रेस एका कोपऱ्यात सरकवल्या. अप्पांनी नारळ फोडला आणि मी मशीन चालू केलं. ठोके पडायला लागले. भीमराव आणि बाकीचे हात पाठीमागं घेऊन ओळीनं उभे होते. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्यांना पॅकिंगला घेणार असं अप्पांनी सांगितलं होतं, पण इतक्या माणसांचं पॅकिंग त्या शेडमध्ये कधीच नव्हतं.

अप्पा म्हणाले, "ह्याच्यावर कुनाला बसवू? तुमीच सांगा."

एकानं हो म्हणायचं म्हणजे बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, हे सगळ्यांना समजत होतं.

नामदेव गेट सोडून कधी आत आला ते आम्हाला कळलंच नाही. त्यानं जाळीभोवती एक चक्कर मारली. पेडल कुठं दिसतं का म्हणून खाली वाकून पाहिलं. मग माझ्यापाशी आला.

"साहेब, ह्याला किती हात लागत्यात?"

"एकही नाही," मी म्हणालो.

"मंग माझ्याकं एक जास्तीच हाय."