टपावरची होडी

माझ्या सासऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. लग्न होऊन थळला आले त्या दिवसापासून ते एक बोलायचे आणि मी दोन बोलायची. मध्ये पडून दोघांना गप्प करायची ती माझी धाकटी नणंद. घरात माझं असं कोणी असेल तर तीच. तिला खारीतल्या गावात दिली तेव्हा मी तिच्या आईपेक्षा जास्त रडले होते.

खार म्हणजे खाडीचं पाणी बांधानं अडवून त्याच्या आत पिकवलेली भातजमीन. बांध फुटला की म्हणायचं, खांड पडली. मग दर भरतीला खाडी सरळ घरात शिरते.

त्या वर्षी आषाढी अवसेच्या रात्री उधाण आणि पाऊस एकदम आले आणि नणंदेच्या गावच्या बांधाला खांड पडली. सकाळी उतारूंची सर्व्हिस मोटार चालवणारा भाई आमच्या दारात भिजत उभा राहिला. पोयनाडला त्याला निरोप मिळाला होता. गावातले धडधाकट लोक पोहून बांधावर आले होते, होड्या रात्रीच वाहून गेल्या होत्या, आणि शेवटच्या घरात माळ्यावर तिघं अडकली होती: माझी नणंद, तिची म्हातारी सासू आणि तीन वर्षांचा मुलगा. नणंदेला सातवा महिना चालू होता.

"दोपारी परत भरती हाय," सासरे एवढंच बोलले. ते काय म्हणतायत हे घरात सगळ्यांना कळलं. रात्री पाणी माळ्याखाली थांबलं होतं. भिजलेल्या मातीच्या भिंती दुसरी भरती सोसतील याची खात्री नव्हती.

समुद्रातून जाणं शक्यच नव्हतं. आषाढात रेवसच्या तोंडातून खाडीत शिरायचं म्हणजे आपण होऊन जीव द्यायचा. होडी रस्त्यानं न्यायला हवी होती. आमच्याकडे एक लहान होडी होती, आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली, सासरे ज्यावर तांडेल होते त्या मोठ्या मचव्यापर्यंत किनाऱ्यावरून जायला वापरायचो ती. माझा नवरा आणि नणंदेचा नवरा दोघंही मुंबईला गोदीत. मग एक टोक सासऱ्यांनी आणि भाईनं धरलं, दुसरं मी आणि शेजारणीनं. डोक्यावरून मासळीच्या पाट्या अलिबागेला नेणाऱ्या बायका आम्ही, आम्हाला ओझ्याचं कौतुक नव्हतं. मोटारीच्या मागे दोन वासे टेकवले, त्यांना चिखल फासला आणि त्यावरून होडी ढकलत टपावर चढवली. टप आखूड, होडी लांब. दोन्ही बाजूंनी ती बाहेर आली.

दोर आवळताना भाई म्हणाला, "तांडेल, उलटी घाला. पावसाचं पाणी भरेल आत. माझी गाडी वजन नाही घेणार."

सासऱ्यांनी मान हलवली. "होरी पालथी नाय जायाची."

"अहो, रस्त्यावर कसली होडी अन् कसलं काय! सामान आहे ते आता."

"भाई, माजी पोर पान्यान हाय. ती जित्ती हाय. आन मी तिच्या नावानं होरी पालथी घालू?"

आमच्या आळीत समुद्रावर गेलेला माणूस परत आला नाही की त्याची होडी दारात पालथी घालायचे, दहाव्या दिवसापर्यंत. हे मला माहीत होतं. तरी मी सासऱ्यांना म्हणाले, "मामा, भाईला मोटारीतलं कळतं. ऐका त्याचं." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. भाई "या अल्ला" म्हणाला आणि गाडीत बसला, मागोमाग सासरे आणि मी.

अलिबागपर्यंतच होडी निम्मी भरली. टप करकरायला लागला. भाईनं गाडी थांबवली, मी वर चढले आणि डब्यानं पाणी उपसू लागले. भर बाजारात, मोटारीच्या टपावर बसून होडीतलं पाणी उपसणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली असेल. एकानं विचारलं, "काय गं, मोटार बुडतेय का?" मी त्याला अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येणार नाही.

पाऊस उपसण्यापेक्षा जास्त पडत होता. कार्ले खिंडीच्या पायथ्याशी भाईनं मला खाली उतरवून आत बसवलं. चढाला गाडी लागली आणि आतलं सगळं पाणी एकदम मागच्या टोकाला धावलं. मागचा काथ्याचा दोर तुटला. होडी उभी राहिल्यासारखी झाली आणि मागे रस्त्यावर आपटली. मी उतरून धावत जाऊन पाहिलं, तळाला हातभर भेग गेली होती.

सासऱ्यांनी भेगेवरून बोटं फिरवली. मी तुटलेला दोर गोळा करायला लागले, कारण तोंड उघडलं असतं तर थांबले नसते. खिंडीत बैलगाडीवाले भेटेपर्यंत ताटकळलो आणि त्यांच्या मदतीनं ती पुन्हा वर चढवली, तशीच, तोंड वर करून. आता भेगेतून पाणी आपोआप गळत होतं, उपसायला लागत नव्हतं.

आम्ही बांधावर पोचलो तेव्हा भरती लागली होती. समोर नुसतं पाणी आणि लांब एक कौलारू छप्पर. मी लुगड्याचा पदर फाडला, भाईनं मोटारीच्या लोखंडी पान्याच्या टोकानं तो भेगेत ठासला. तरी पाणी झिरपतच होतं.

"मी येते उपसायला," मी म्हणाले.

"जागा नाय," सासरे म्हणाले. "तुझ्या जागंवर एक मानूस येल." ते बरोबर होतं.

ते एकटे वल्हवत गेले. परत आले तेव्हा होडीत म्हातारी होती आणि तिच्या मांडीवर पोरगा. होडीत घोट्याएवढं पाणी. म्हातारी रडत सांगत होती, "ती म्हनली, होरी फुटकी हाय, तिगांचा भार नाय सोसायची, मी दनकट हाय, यांना आदी न्या." सासरे तिचं ऐकायला थांबले नाहीत. त्यांनी होडी तिरपी करून पाणी सांडलं आणि वळवली.

ते निम्म्या वाटेत असताना छप्पर एका बाजूला कललं. आवाज आमच्यापर्यंत उशिरा आला. मग तिथं फक्त वासे तरंगत होते आणि माझे सासरे त्यांच्यामध्ये होडी फिरवत होते. बराच वेळ फिरवत होते. भाईनं तोंड फिरवलं.

होडी रिकामी परत आली. बांधावर सगळा गाव उभा होता. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पालथी घातली असतीत तर फुटली नसती. खिंडीत वेळ गेला नसता. एका खेपेत तिघं आली असती." बोलले त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. खरं होतं ते, आणि माझी नणंद गेली होती.

मला वाटलं, ते अंगावर येतील.

"व्हय," ते म्हणाले.

पोरगा आजाच्या धोतराला धरून आई कुठाय म्हणून विचारत होता. त्यांनी त्याला भाईच्या कडेवर दिलं, होडीतलं पाणी सांडलं आणि वल्हं उचललं. ती तिथंच कुठं तरी होती, आणि ओहोटी लागली की तिला खाडीत ओढून नेणार होती.

"चल," ते मला म्हणाले. "आता जागा हाय."

मी डबा घेतला आणि होडीत बसले.