शिक्क्याची नोटीस

दोन हजार आठ-नऊच्या सुमारास आमच्या शाळेनं संकेतस्थळ काढलं. सेनगाव तालुक्यातल्या शाळेला ते कशाला हवं होतं, देव जाणे; पण शेजारच्या शाळेनं काढलंय म्हटल्यावर मुख्याध्यापकांना चैन पडेना. मी गणिताचा मास्तर. हिंगोलीत तीन महिन्यांचा संगणकाचा कोर्स केला होता, तेवढ्या गुन्ह्यापायी ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आमच्याकडं नोटीस म्हणजे गोल शिक्का आणि सही. त्याशिवाय शिपाईसुद्धा कागद फळ्यावर लावत नसे. म्हणून मी प्रत्येक नोटीस सही-शिक्क्यासकट स्कॅन करून तिचा फोटो साइटवर चढवायचो. जांभळी शाई पडद्यावर झकास दिसायची. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

तालुक्यातल्याच गोरेगावजवळच्या वाडीवरची, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या घरातली एक मुलगी आमच्याकडं शिकत होती. सहावीत तिची नजर गेली. मग ती नांदेडला अंध मुलींच्या वसतिगृहात राहिली, आणि बारावीला बाहेरून बसण्याचा फॉर्म तिनं आमच्याच शाळेतून भरला. वसतिगृहात एक बोलणारा संगणक होता. पडद्यावरचा मजकूर तो हिंदी वळणाच्या आवाजात वाचून दाखवायचा.

दसऱ्याच्या आसपास तिचा मला फोन आला.

“सर, तुमच्या साइटवर मशीन नुसतं ‘ग्राफिक, ग्राफिक’ करून राहिलं. आत काय लिवलंय ते सांगतच न्हाई.”

फोटोतली अक्षरं त्या मशीनला वाचता येत नव्हती. मुख्याध्यापकांना सांगितलं, तर ते म्हणाले, “बिगर शिक्क्याची नोटीस कोण मानंल हो?” मी म्हटलं, फोटो राहू द्या, खाली मजकूर टाइप करून देतो. “मग द्या की,” म्हणाले. म्हणजे मला अडवणारं कुणी उरलं नाही. आमच्या संगणकात छापखान्याचा जुना फॉन्ट होता, त्यातलं मराठी तिच्या मशीनला कळलं नसतं. युनिकोडमध्ये टाइप करायला शिकावं लागणार होतं. फार तर दोन दुपारींचं काम. आज करू, उद्या करू म्हणत दिवाळी गेली. आळस, दुसरं काही कारण नव्हतं.

जानेवारीत ती वडिलांबरोबर शाळेत आली. परीक्षेला आपला लेखनिक कोण, हे विचारायला. ती सांगणार आणि तो लिहिणार, अशीच तिची परीक्षा होणार होती. कारकुनानं वर न बघताच सांगितलं, लेखनिकाच्या अर्जाची मुदत कधीच संपली, यादी वर गेली.

“म्या फोन केला व्हता तुमाला,” ती कारकुनाला म्हणाली.

“व्हय, अन् मी सांगितलं नव्हतं का? सगळं साइटवर टाकलंय, तिथं बघा.”

त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. नोटीस साइटवर होतीच, मीच टाकली होती. मी वरच्या कार्यालयात फोन लावले, हातापाया पडलो. यादी गेली म्हणजे गेली.

“ती नोटीस वाचून दाखवता का, सर?” तिनं विचारलं.

मी फळ्यावरून कागद काढला आणि वाचला. सहा ओळी. मिनिटसुद्धा लागलं नाही. तिनं तारीख पुन्हा एकदा वाचायला लावली.

“एवढंच व्हतं का?” ती म्हणाली.

तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वडील कारकुनाला नमस्कार करून तिला बाहेर घेऊन गेले. मी कागद हातात धरून तसाच उभा राहिलो. स्वतःची इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

तिचं ते वर्ष गेलं. उन्हाळ्यात मी युनिकोड शिकलो आणि जुन्या-नव्या सगळ्या नोटिसा टाइप केल्या. वसतिगृहातल्यासारखं बोलणारं सॉफ्टवेअर आमच्या संगणकावर बसवून प्रत्येक ओळ कानानं तपासली. मग वाडीवर फोन केला. वडिलांनी उचलला. मी म्हटलं, तिला सांगा, आता सगळं वाचता येतंय, यंदा फॉर्म भरू.

“तिला आता वसतिगृहात ठिवलं न्हाई, सर,” ते म्हणाले. “एक साल वाया गेलं, आता दुसरं काहून घालवायचं? घरीच हाय ती.”

ती वाचू शकेल, असं मी पुन्हा म्हणालो.

“कशानं वाचंल? ते बोलायचं मशीन नांदेडलाच ऱ्हायलं न्हवं.”