पुतळेकाकांची गाढ झोप

"मला झोप लागते हे मला सोडून सगळ्यांना माहीत आहे," असं पुतळेकाका एकदा म्हणाले. ऐकणारे हसले. काका विनोद करत असोत वा नसोत, त्यांचा चेहरा एकसारखाच दिसायचा, त्यामुळे हसलेलं बरं असं लोकांनी ठरवून टाकलं होतं. चेहरा एकसारखा ठेवणं हा त्यांचा धंदाच होता.

चित्रशाळेत ते मॉडेल होते. वर्गाच्या मधोमध लाकडी चौथऱ्यावर उभं राहायचं आणि भोवतीच्या पोरापोरींनी कागदावर उतरवून घेईपर्यंत हलायचं नाही, एवढंच काम. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला वाटतं त्याने एक हात वर धरून भिंतीकडे बघत उभं राहून पाहावं. आधी खांद्याला मुंग्या येतात. मग मुंग्या जातात आणि त्यांच्याबरोबर खांदाही जातो. मग नाकावर माशी बसते, आणि माशीला कुठेही जायची घाई नसते. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता. त्याच्यावर कधीकाळी चित्र असावं; चित्र गेलं, खिळा राहिला. काका नजर त्या खिळ्याला टांगून ठेवत. विश्रांतीसाठी ते खाली उतरण्याआधी चित्रकलेच्या बाई त्यांच्या पावलांभोवती खडूने रेघ ओढायच्या, परत चढल्यावर पाऊल नेमकं तिथेच पडावं म्हणून. काकांना त्या रेघेची गरज नव्हती. बाईंना होती.

त्यांना खरं नाव होतं, पण ते पगारापुरतं. एरवी शिपायापासून बाईंपर्यंत सगळ्यांचे ते पुतळेकाका.

दिवसा असा पुतळा झालेल्या माणसाला रात्री झोप नव्हती. बरीच वर्षं नव्हती. त्यामागे काही मोठं कारणही नव्हतं; सांगावं असं दुःख नाही, लपवावं असं पाप नाही. डोळे मिटले की आत कुणीतरी दिवा लावून सामान सरकवायला लागायचं, इतकंच. तळमळायची सोय नव्हती, कारण शेजारी बायको. ती दिवसभर शिवणयंत्रावर वाकून दमलेली असायची. तिची झोपमोड नको म्हणून काका कामावरची विद्या घरी वापरत. एक पोज धरायची आणि सोडायची नाही. हात छातीवर, श्वास संथ, नजर छताच्या कोपऱ्यात. उजाडायच्या सुमारास कुठे डोळा लागायचा, आणि लागतो न लागतो तोच सकाळच्या वर्गाला जाऊन उभं राहायची वेळ व्हायची.

मग घड्याळं आली.

चित्रशाळेच्या व्यवस्थापकांना आरोग्याचं वेड लागलं होतं. माणसाला कसलं ना कसलं वेड लागतंच, पण साहेबाचं वेड सगळ्यांना घ्यावं लागतं. लोक त्यांना पाठीमागे आरोग्यसाहेब म्हणत. त्यांनी झाडून सगळ्या नोकरमंडळींना एकेक फिटनेस घड्याळ वाटलं. मनगटावरून काढायचं नाही, अंघोळ करतानाही नाही. पावलं, नाडी, झोप सगळं मोजलं जाणार आणि साहेबांच्या कॉम्प्युटरवर दिसणार. "हे तुमच्याच भल्यासाठी आहे," साहेब म्हणाले. आपल्या भल्याची बातमी आपल्या आधी साहेबाला कळावी, यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. स्वतः साहेब मीटिंगमध्ये टेबलाखाली मनगट हलवत बसायचे. त्यामुळे अख्ख्या चित्रशाळेत सगळ्यात जास्त चालणारा माणूस म्हणजे खुर्चीतून न उठणारे साहेब, असं सिद्ध झालं.

काकांची पंचाईत वेगळी होती. त्या दिवसांत वर्गात प्राचीन योद्धा चालू होता. कमरेला फडकं, हातात भाला, बाकी उघडं अंग आणि मनगटावर घड्याळ.

"काका, काढा हो ते," बाई म्हणाल्या.

"नियम आहे, बाई."

"अहो, योद्ध्याच्या हातात घड्याळ?"

"वेळेवर पोचला असेल लढाईला."

पोरांना तेच हवं होतं. त्यांनी दिसेल तसं काढलं. वर्गाच्या भिंतीवर रांगेने योद्धे लागले, सगळे शत्रूकडे रोखून बघणारे, आणि सगळ्यांची नाडी मोजली जात असलेली.

महिनाअखेर निकाल आला. झोपेत पुतळेकाका पहिले. शंभरपैकी ब्याण्णव. चहाच्या वेळी साहेबांनी टाळ्या वाजवून त्यांना बक्षीस म्हणून उशी दिली. काका उशी काखोटीला मारून घरी गेले. वाटेत लोक बघत होते, पण लोकांच्या नजरांची त्यांना सवय होती.

बायकोने उशी दाबून पाहिली आणि घड्याळाचा आकडाही वाचला.

"आणि मला रोज सकाळी ऐकवता, झोप नाही, झोप नाही! ब्याण्णव मिळालेत. जन्मात कशात मिळाले होते का?"

"अगं, मी नुसता पडून असतो. हलत नाही म्हणून त्याला वाटतं झोपलो."

"त्याला कशाला काय वाटेल? ते यंत्र आहे. वाटतं ते तुम्हाला."

काका हट्टाला पेटले. नियम मोडून त्यांनी एका रात्रीपुरतं घड्याळ तिच्या मनगटाला बांधलं. ती नेहमीसारखी झोपली, म्हणजे पांघरूण ओढून घेतलं, दोन लाथा मारल्या, हात भिंतीवर आपटला, झोपेतच कुठल्याशा गिऱ्हाइकाला ब्लाउज उद्या मिळेल म्हणून सांगितलं आणि घोरायला लागली. काका शेजारी पडून हे सगळं बघत होते. सकाळी घड्याळाने तिला एक्केचाळीस दिले. खाली शेरा होता: झोप वारंवार मोडली, बराच वेळ जाग, विश्रांतीची गरज आहे.

ताजीतवानी उठलेली बायको आकडा वाचून खाली बसली.

"तरीच म्हटलं, अंग का मोडून आलंय."

"अगं, तू घोरत होतीस! मी ऐकलंय."

"तुम्ही कसं ऐकणार? तुम्ही तर रोज गाढ झोपलेले असता."

त्या दिवशी तिने शिवणयंत्राला हात लावला नाही. झोप न झालेल्या माणसाने काम करू नये, असं तिचं म्हणणं. ज्याची झोप खरोखर झाली नव्हती तो भाला धरून उभं राहायला निघून गेला.

आणि त्याच आठवड्यात भिंतीवरचा खिळा दुप्पट झाला. काका त्याच्याकडे बघत होते, बघता बघता एकाचे दोन झाले, आणि चौथरा होडीसारखा कलला. भाल्याचा दांडा फळ्यांच्या फटीत रुतला म्हणून ते वाचले. पोरांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, योद्धा सरसावला. बाईंनी पाहिलं होतं. विश्रांतीत त्या जवळ आल्या.

"काका, पडला असतात. या वयात कंबरेचं हाड गेलं की माणूस खाटेवरून उठत नाही."

"सकाळचं जमत नाही आता, बाई. डोळा लागतो तेव्हाच उठावं लागतं."

"मग दुपारचं मागून घ्या ना. मातीकामाच्या वर्गाला मॉडेल हवंच आहे. साहेबांना जाऊन सांगा, झोप होत नाही म्हणून."

सरळ गोष्ट होती. काका सरळ साहेबांकडे गेले आणि सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं, मग मायेने हसले. "काका, तुम्ही? अहो, तुम्ही आमचे पहिले! तुमच्याइतकं इथे कुणी झोपत नाही."

"साहेब, मी जागा असतो. मला माहीत आहे ना."

"तेच तर. माणसाला स्वतःची झोप कळतच नाही. कशी कळणार? तो तेव्हा झोपलेला असतो."

"पण जागेपण तर कळतं?"

साहेबांनी क्षणभर मनगट हलवायचं थांबवलं. मग म्हणाले, "घड्याळ कशाला खोटं बोलेल? त्याचा काय स्वार्थ आहे? तुमचा आहे. तुम्हाला दुपारचं हवंय." आणि शहानिशा करावी म्हणून त्यांनी काकांचा अख्खा महिना स्क्रीनवर उघडला. खुर्ची पुढे ओढली.

"काका, हे काय? सकाळी वर्गात... गाढ झोप? रोज? आणि विश्रांतीच्या वेळेला तेवढे जागे?"

"तेव्हा मी उभा असतो, साहेब. हलत नाही."

"उभ्या उभ्या झोपता!"

"भाला धरून?"

"ते तुम्ही सांगा."

मागायला गेले होते दुपार, आणि पदरात पडला आरोप. कामावर झोपणारा नोकर म्हणून दुसऱ्या दिवशी खुलासा द्यायला या, असं सांगून साहेबांनी त्यांना वाटेला लावलं.

बायकोने सगळं ऐकलं. अंग अजून मोडून आलेलंच होतं, तरी तिने उठून चहा ठेवला. "हे बघा, साहेबाशी वाद घालू नका. लागला होता डोळा म्हणून मोकळे व्हा. तोंडाला काय टॅक्स पडतो?"

"अगं, पण लागला नव्हता."

"तुमचं हे असं असतं. घड्याळाला पटतंय, साहेबाला पटतंय, मला पटतंय. तुम्हालाच तेवढं पटत नाही."

काकांनी चहा घेतला. त्यांच्या मनात जे होतं ते अगदी साधं होतं. दुसऱ्या कुणी कामात काय केलं ते दाखवता येतं. शिंप्याचा सदरा असतो, सुताराची खुर्ची असते. काकांनी एवढ्या वर्षांत केलं काय, तर हलले नाहीत. खांदा जळत असताना हलले नाहीत, खोकला गिळला, माशी बसू दिली. हे सगळं जागेपणी केलं होतं, एवढीच त्यांची मिळकत. ते झोपले होते म्हटलं की मागे उरतो फुकट उभा राहिलेला ओंडका.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्याबरोबर आल्या, बगलेत चित्रांची गुंडाळी. साहेबांच्या टेबलावर त्यांनी एकेक योद्धा पसरला.

"बघा. सगळ्यांनी डोळे उघडे काढलेत. वर्गातल्या प्रत्येकाने. पापणीसुद्धा. झोपलेला माणूस असा बघतो का?"

साहेबांनी चित्रं नीट पाहिली. चष्मा लावून पाहिली.

"बाई, ही चित्रं आहेत."

"मग?"

"चित्रात काय, काहीही काढता येतं. गेल्या वर्षी तुमच्या वर्गाने यांनाच पंख काढले होते. म्हणून काय मी यांचं घरटं शोधू?"

बाईंना हसू आलं आणि राग आला, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे त्या टेबलावरची चित्रं सरळ करायला लागल्या. साहेबांना तो विजय वाटला. विजयी माणूस उदार होतो. ते पुढे झुकले, आवाज घरचा केला.

"काका, मी काही राक्षस नाही. वय झालं, लागतो डोळा. तुम्ही फक्त एवढं म्हणा की हो, वर्गात झोप लागत होती. तोंडी. मी विषय मिटवतो आणि उद्यापासून दुपारचं देतो. मातीकामाला बसूनच काम आहे म्हणे. नाही म्हणालात तर मात्र मला दुसरा माणूस बघावा लागेल. घड्याळाच्या विरुद्ध मी कसा जाऊ?"

म्हणजे जे हवं होतं तेच समोर ठेवलं होतं. एक वाक्य, आणि दुपार त्यांची. बाई कानाशी पुटपुटल्या, "म्हणून टाका, काका. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे खरं काय ते."

काका खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. त्यांनी समोर पाहिलं. साहेबांच्या मागच्या भिंतीवर खिळा नव्हता, पण रंगाचा एक पोपडा निघाला होता, तेवढा पुरला. नजर तिथे लागली आणि मग नेहमीचं सगळं आपोआप झालं. श्वास संथ झाला, खांदे उतरले, चेहरा रिकामा झाला. साहेब वाट पाहत होते. टेबलाखाली त्यांचं मनगट चालतच होतं. बाहेर कुणी बादली ठेवली, कुणी उचलली. साहेबांना एक फोन आला, तो त्यांनी घेतला, बराच वेळ बोलून संपवला. एकदा घसा खाकरून झाला, एकदा "काका?" म्हणून झालं. बाईंनी चित्रं गुंडाळली, दोरी बांधली, सोडून पुन्हा बांधली. काका बसले होते. इतकं जागं त्या खोलीत त्या वेळी कुणी नव्हतं.

शेवटी ते उठले. उठताच मनगटावरचं घड्याळ थरथरलं आणि उजळलं. साहेबांनी टेबलावरून वाकून वाचलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"बघा, बाई, बघा! ‘छान डुलकी झाली, आता ताजेतवाने वाटेल.’ माझ्यासमोर! आता बोला! काका, आता तरी म्हणा."

बाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी खुर्ची टेबलाखाली सारली, आवाज न करता. दार उघडलं आणि बाहेर पडले. व्हरांड्यातून वर्गाशी आले. आत पोरं कागद लावून, पेन्सिली टोकदार करून बसली होती. कुणीतरी "आले, काका आले," म्हणालं आणि सगळ्यांनी हात उचलले. काका दारावरून पुढे गेले, जिना उतरले आणि रस्त्यावरच्या सकाळच्या उन्हात, हात हलवत, चालू लागले.