न पटणारे शेजारी

ओमानमधल्या सलालाह शहरातल्या झाडून साऱ्या मराठी माणसांचं एकमत व्हावं असा विषय एकच होता : आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी. बंदरातल्या क्रेन दुरुस्त करणाऱ्या या गृहस्थांना पुराव्याशिवाय काहीही पटत नसे. मुलीची पत्रिका मागणाऱ्या स्थळाला त्यांनी तिचा रक्तगट कळवला होता. सत्यनारायणाला बोलावलं तर येत, प्रसादाचा शिरा दोनदा मागून घेत आणि मग भटजींना विचारत, "जावयाची नाव बुडाली ते ठीक, पण खलाशांचं काय चुकलं होतं हो?"

हे सगळं लोक हसून सोडून देत. मग एक वर्षी गावाकडून मधुमेह घालवणारा काढा घेऊन एक महाराज आले आणि भरल्या बैठकीत यांनी उठून विचारलं, "काढ्याआधीची आणि नंतरची साखर तपासलीत का?" त्या दिवसापासून त्यांना कुणी बोलवेना. संध्याकाळी त्यांच्या बायकोबरोबर फिरायला जाणाऱ्या बायकांनी रस्ता बदलला. "मतं यांची, वाळीत मी," असं ती एकदा माझ्या बायकोला म्हणाली. खोटं कशाला सांगू, ते लिफ्टमध्ये दिसले की मीही जिन्याने जाऊ लागलो.

माझ्या बायकोने काढा सुरू करून इन्सुलिन बंद केलं, आणि मी मान डोलावली. सहाव्या दिवशी, शुक्रवारी भरदुपारी, तिला उलट्या सुरू झाल्या, मग ती हाकेला ओ देईना. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, तर म्हणाले, "श्रद्धा ढळू देऊ नका." मी अनवाणीच वर धावलो. शेजारी जेवत होते. उष्ट्या हातानेच उठले. "यल्ला, चला, तुम्ही वहिनींना धरा, मी गाडी काढतो." मी काढ्याची गोष्ट लपवलीच असती, पण त्यांनी बाटली उचलून आणली होती, ती इस्पितळात थेट डॉक्टरांपुढे ठेवली.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, धोका टळला. मी तिथेच बाकावर बसून रडलो. आता हे 'मी सांगितलं होतं' म्हणणार, म्हणून मान खाली घालून वाट पाहिली. ते म्हणाले, "चला, चहा घेऊ. दुपारपासून कुणी माझ्याशी भांडलेलं नाही, चुकल्यासारखं होतंय."

त्या गणपतीत माझी बायको वर गेली आणि त्यांच्या बायकोला हाताला धरून मंडळाच्या आरतीला घेऊन आली. सगळे सरकले, जागा झाली. ती माउली आरतीभर डोळे पुसत होती. मागे हे उभे, बेताल टाळ्या वाजवत.

पुढे ते निवृत्त होऊन गावी गेले. आता वर राहणारे गृहस्थ फार सज्जन आहेत, माझं प्रत्येक म्हणणं त्यांना पटतं. त्यांच्याशी बोलताना मला हल्ली उगीचच एकटं वाटतं.