तेजूला नाही जमणार

दिनेशच्या खिशात कायम एक फडकं असायचं. सातपूरच्या एका कारखान्यात तो लेथवर होता, आणि शिफ्ट संपली की बाकीचे गेटकडे पळायचे, तेव्हा हा आपला मशीन पुसत उभा. मित्र चिडवायचे, "अरे, ते लेथ आहे, आहेरातलं पितळ नाही." पण दिनेश कळवणकडच्या आईच्या हाताखाली वाढलेला. हात फिरे तिथे लक्ष्मी वसे, हे तिचं वाक्य त्याने एवढं मनावर घेतलं होतं, की बायको सुवर्णा म्हणायची, "यांच्यासमोर फार वेळ स्वस्थ बसू नये, पुसून फळीवर ठेवतील."

त्याच्या फडक्याला घरात एकच वस्तू दाद देत नसे, ती म्हणजे पोरांचा कॉम्प्युटर. कुठल्याशा ऑफिसातून काढून टाकलेला, चालू होताना कण्हायचा. त्यावर सुयश आणि तेजल हे बहीणभाऊ एक गेम खेळायचे. खेळायचे म्हणजे धाडधाड गोळ्या झाडणं नव्हे. त्यात फळ्या, दोऱ्या, बादल्या, चेंडू असलं सामान मिळायचं. ते मांडून एकाने कोडं रचायचं. वरून सोडलेला चेंडू कुठे कुठे आपटत, घरंगळत शेवटी घंटेवर आदळला पाहिजे. पण मधली एखादी वस्तू काढून बाजूला ठेवायची, आणि ती कुठे बसते ते दुसऱ्याने शोधायचं. नाहीच सापडलं तर "हरले" म्हणायचं. मग उत्तर सांगावंच लागे, हा दोघांनी केलेला कायदा. शाळेतून आली की दप्तरं भिरकावून दोघं एकाच खुर्चीवर अर्धी अर्धी बसायची. घंटा वाजली की जो आरडाओरडा व्हायचा, तो खालच्या मजल्यापर्यंत जायचा.

तेजल धाकटी असून भावाची कोडी पटापट सोडवायची. सुयशला त्याचा राग. म्हणून गेल्या पावसाळ्यात त्याने एक जंगी कोडं रचलं आणि त्याला नाव दिलं, "तेजूला नाही जमणार". आता पोरगं असं, की तोंडात तीळ भिजायचा नाही. उत्तर कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्याला चैन पडेना. आईला सांगावं, तर ती तेजूने डोळ्यांत पाणी आणलं की सांगून टाकणार. दिनेश पहिल्या पाळीवरून येऊन मोरीत हाताचं ग्रीस घासत होता, तिथे हा त्याच्यामागे जाऊन उभा राहिला.

"पप्पा, तुम्हाला एकट्यालाच सांगतो. तिने विचारलं तरी सांगायचं नाही. शपथ?"

"हं."

सुयश त्याच्या कानाला लागून कुजबुजत राहिला. फळीबद्दल काहीतरी, दोरीबद्दल काहीतरी. दिनेशच्या नखांत काळं अडकलं होतं.

"भारी रे," तो म्हणाला. "जरा टॉवेल दे."

त्याच आठवड्यात सुयशला ताप भरला. डेंग्यू म्हणाले. एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवेपर्यंत पेशी उतरत गेल्या, आणि पोरगं गेलं. सातवीत होतं. अंगावर अजून नव्या गणवेशाची घडी मोडायची होती. असल्या वेळी लोक म्हणतात, देवाची मर्जी. म्हणोत बापडे.

त्यानंतर त्या घरात बोलणंच कमी झालं. बोलायला बसलं की नवराबायकोपैकी एकजण रडायचं, म्हणून दोघं एकमेकांना टाळू लागली. तेजल मात्र रोज शाळेतून आली की खुर्चीवर बसायची, अजूनही अर्ध्याच खुर्चीवर, आणि दादाचं कोडं उघडायची. चेंडू सोडायची. घंटा वाजायची नाही. सुवर्णाने एकदा न राहवून म्हटलं, "बाळा, दुसरं काहीतरी खेळ ना."

"मी अजून हरले नाहीये," पोर म्हणाली. "माझा डाव चालू आहे."

ती "हरले" म्हणाली असती, तर दादाबरोबरचा खेळच संपला असता. सुवर्णाला ते कळलं आणि तिने पदर तोंडाला लावला. पण दिनेशला हे सांगायचं धाडस तिला झालं नाही. त्याला दिसायचं ते एवढंच, की पोरगी त्या कण्हणाऱ्या डब्यापुढे तासन्‌तास बसते, आणि डबा मधेच बंद पडला की तिचा जीव कासावीस होतो. तिच्यासाठी काहीतरी करावं असं त्याला फार वाटे. आणि करायचं म्हटलं तर त्याला एकच गोष्ट येत होती.

खंडेनवमी जवळ आली. सातपुरात त्या दिवशी मशीनं बंद असतात. आधी डिझेलने धुऊन, कोपऱ्याकोपऱ्यातला लोखंडाचा कीस काढून ती लखलखीत करायची, मग हळदकुंकू आणि झेंडूचा हार. पूजा झाली की त्या दिवशी मशीन चालवायचं नाही, ती त्याची सुट्टी. दिनेशने ठरवलं, यंदा घरच्या यंत्राचीही पूजा करायची. आदल्या दिवशी तेजल शाळेत असताना त्याने कॉम्प्युटर मोटरसायकलवर बांधला आणि प्रफुल्लच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला.

"भाऊ, फार भरलाय हा," प्रफुल्ल म्हणाला. "सगळं उडवून नव्याने टाकावं लागेल. आतलं काही ठेवायचंय का?"

"पोरीचा एक गेम आहे. तो राहिला पाहिजे."

"गेम देतो ना परत टाकून."

"मग बाकी सगळं साफ कर. एकदम कोरा."

त्याची तरी काय चूक म्हणावी? जन्मभर त्याने मशीन धुतलं. धुतल्यामुळे त्यावर घडलेला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, कधी पुसला गेला नव्हता. जॉब बाजूला ट्रेमध्ये असतो, मशीन आपलं मशीन असतं. पोरांनी रचलेलं सगळं त्या डब्याच्या पोटातच असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

खंडेनवमीला कॉम्प्युटर टेबलावर चकचकत होता. त्याची एकेक कळ दिनेशने काडीने कोरून पुसली होती. वर हार. तेजल हरखून गेली.

"पप्पा, चालू करू?"

"आज नाही बेटा. आज त्याची सुट्टी. उद्या."

दिवसभर ती टेबलाभोवती घिरट्या घालत राहिली. कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं. सुवर्णाने खीर केली.

दसऱ्याला सकाळी तिने वडिलांच्या हातात आपट्याचं पान दिलं, पाया पडली आणि कॉम्प्युटर चालू केला. तो कण्हला नाही. गेम झटकन उघडला. आत एकही कोडं नव्हतं.

"पप्पा, दादाचं कोडं कुठंय?"

"असेल की आत. गेम तोच आहे ना?"

दिनेशने फोन केल्यावर प्रफुल्ल सणाच्या दिवशी धावत आला. दुपारपर्यंत त्याने काय काय करून पाहिलं, आणि चहा न घेताच मान खाली घालून निघून गेला.

तेजल रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती अर्ध्या खुर्चीवर बसली आणि दादाचं कोडं आठवून आठवून पुन्हा मांडू लागली. इथे बादली. इथे तिरपी फळी. पण किती तिरपी? फळी केसभर हलली तरी चेंडू भलतीकडे जायचा. आपल्याला सुटत नाही, की आपण मांडलंच चुकीचं, हे आता तिला कधीच कळणार नव्हतं. दिवाळी आली तरी ती रोज मांडत होती आणि मोडत होती. दिनेश दारात उभा राहून बघायचा. हातातल्या फडक्याचं काय करावं ते त्याला सुचत नसे.

एका संध्याकाळी तिने माउस बाजूला सारला आणि खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"पप्पा, मी हरले."

"असू दे गं."

"असू दे नाही. दादा म्हणाला होता, पप्पांना उत्तर माहितीये, पण त्यांनी शपथ घेतलीये. म्हणून मी तुम्हाला इतके दिवस विचारलं नाही. आता हरले. आता सांगावं लागतं."

दिनेशने डोळे मिटले. मोरी आठवली. नळाचा आवाज, कानाला लागलेला गरम श्वास, नखांतलं काळंसुद्धा आठवलं. शब्द एकही आठवेना.

तेजल वाट बघत होती. मग हळूहळू तिचा चेहरा उतरला.

"दादा उगाच म्हणाला का? त्याने तुम्हाला सांगितलंच नव्हतं?"

हो म्हणणं सोपं होतं. गेलेल्या पोराच्या नावावर एक बारीकशी थाप राहिली असती, एवढंच.

"नाही गं बाळा," तो म्हणाला. "दादाने सांगितलं होतं. सगळं सांगितलं होतं. मी हात धूत होतो."